गावठी कोंबडी बाजारात नेली की भाव का पडतो? वजन, वय आणि न विकलेल्या पक्ष्यांचा प्रश्न

परसबाग (प्रश्न):

सहा गावठी माद्या, दोन नर, सगळे मोकळे फिरणारे. संध्याकाळी खुराड्यात शिरताना मूठमूठ मका, बाकीचं पोट ते उकिरड्यावर भरतात. घरात खाल्लेली अंडी आणि घारी-मांजरांनी नेलेली पिल्लं वजा जाता वर्षाला २५ ते ३० पक्षी विकायला उरतात. आठवडी बाजार १४ किलोमीटरवर. एका खेपेला चार-सहा पक्षी, पाय बांधून नेले जातात.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. नर किती महिन्यांचा झाला की विकावा? नगावर द्यावा की वजनावर? घरच्या काट्यावर दीड किलो भरलेला पक्षी व्यापाऱ्याच्या काट्यावर दर वेळी १०० ते १५० ग्रॅम कमी का भरतो? आणि दुपार टळल्यावर उरलेले एक-दोन पक्षी मिळेल त्या भावात देऊन टाकावेत की परत आणावेत? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण "आता घेऊन कुठे जाणार" हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तागडी:

१०० ते १५० ग्रॅमच्या फरकात लबाडी किती आणि आपोआप होणारी घट किती, हे आधी वेगळं करा.

कोंबडीला घाम येत नाही. उन्हात ती तोंड उघडून धापा टाकते आणि शरीरातलं पाणी श्वासावाटे जातं. शिवाय गळ्याच्या पिशवीतलं धान्य खाली सरकतं आणि वाटेत विष्ठा होऊन पडतं. पहाटे निघून दुपारी विकलेल्या पक्ष्याची घट साधारण ३ ते ५ टक्के धरायची. दीड किलोवर ती ४५ ते ७५ ग्रॅम झाली. ही कोणी खाल्लेली नाही.

उरलेला फरक बघा. घड्याळासारख्या तबकडीच्या स्प्रिंगकाट्यावर बहुतेक वेळा १०० ग्रॅमच्या रेघा असतात. काटा १ किलो ४०० आणि ५०० च्या मध्ये थांबला की तोंडातून "चौदाशे"च निघतं. दर पक्ष्याला खालच्या रेघेवर धरलं तर सरासरी ५० ग्रॅम जातात. घट आणि रेघ मिळून तुमचा फरक जवळपास भरून निघतो, म्हणजे काटा मारलेला नसतानाही असंच होणार.

याला उपाय म्हणजे पक्षी एकेक करून तोलू देऊ नका. एकाच जातकुळीचे, म्हणजे नर नरांबरोबर आणि माद्या माद्यांबरोबर, असे चार-पाच पक्षी एकत्र तोला. पाच वेळा खालची रेघ धरली तर सरासरी २५० ग्रॅम जातात, एकत्र तोलले तर तेच ५०. नर आणि म्हातारी मादी मात्र एका पिशवीत घालायची नाहीत, नाहीतर अख्ख्या पिशवीला मादीचा भाव लागतो.

काटाच खोटा असल्याची शंका असेल तर भांडू नका, पाण्याची बाटली लावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, रिकाम्या बाटलीचे २०-३० ग्रॅम वर. घरी एक-एक लिटर मोजून भरलेल्या दोन बाटल्या पिशवीत ठेवा. हुकाला लावल्यावर काटा दोन किलोच्या किंचित पुढे थांबला पाहिजे. १९०० दाखवत असेल तर बोलायचं काही उरतच नाही, शेजारच्या काट्यावर जायचं. त्याआधी रिकाम्या हुकाला सुई शून्यावर आहे का ते बघा. सुई शून्याच्या मागे बसलेली असेल तर तेवढं वजन प्रत्येक तोलाला गळतं. पिशवीचं वजनही आधी मोजून ठेवा. पातळ कापडी पिशवी फार तर ५० ग्रॅमची असते, तिचे "शंभर वजा" सर्रास सांगितले जातात.

स्वतःचा हुकाचा डिजिटल काटा घेतलात तर उत्तम, फक्त बॅटरी उतरली की काही काटे भलतेच आकडे दाखवतात, तेव्हा त्यालाही अधूनमधून बाटली लावायची. पक्षी फडफडतो आणि आकडा नाचतो, म्हणून आधी त्याला पिशवीत घालून डोकं झाका. अंधार झाला की कोंबडी थोड्या वेळात शांत होते.

नग की वजन, याचं उत्तर गिऱ्हाईक कोण त्यावर आहे. खायला घेणारा घरगुती माणूस डोळ्यांनी घेतो. तुरा लाल, पीस चमकदार, पाय स्वच्छ असलेला सव्वा किलोचा देखणा नर नगावर द्या, वजनावर देऊन नुकसान करून घेऊ नका. उलट दोन किलोचा रोडावल्यासारखा दिसणारा उंच नर वजनावर द्या. अंड्यांवर यायला आलेली तलंग कायम नगावर, कारण ती नेणारा माणूस मांस विकत घेत नसतो. व्यापाऱ्याला मात्र वजनावरच. त्याच्याशी नगावर बोलायचं झालं तर तो सगळ्यात बारीक पक्षी पुढे धरून बोलतो.

एक गोष्ट व्यापाऱ्याच्या बाजूनेही. त्याच्या खर्चात गाडीभाडं, वाटेत मेलेले पक्षी, रात्रभराचा दाणा आणि न खपलेला माल असतो. बाजारभाव आणि त्याचा भाव यातला सगळा फरक नफा नसतो. वाकडी गोष्ट एवढीच की तो खर्च किती, हे फक्त त्याला माहीत असतं.

लसटोच:

चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: बाजारात गेलेला पक्षी तुमच्या खुराड्यात परत येऊ नये. पडेल भावात गेला तरी चालेल.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात शिरते ती बहुतेक वेळा अशीच. बाजारात दहा ठिकाणचे पक्षी एकाच डालग्याच्या (बांबूच्या टोपलीच्या) आसपास बसतात. त्यात कोणीतरी घरचे दोन मेले म्हणून उरलेले घाईने विकायला आणलेले असतातच. लागण झालेला पक्षी पहिले काही दिवस ठणठणीत दिसतो. लक्षणं सहसा पाच-सहा दिवसांत येतात, कधी दोन दिवसांत, कधी पंधरा दिवसांनी. मग हिरवट हगवण, मान पिळवटणं, पाय लुळे पडणं. लस नसलेल्या कळपात पाठोपाठ ८०-९० टक्के पक्षी जाऊ शकतात. उरलेल्या दोन पक्ष्यांचा भाव वाचवायला सहा माद्या पणाला लावायच्या का, हा हिशोब मांडा.

लस असली तरी निर्धास्त होऊ नका. लस घेतलेला पक्षी सहसा मरत नाही, पण विषाणू पोटात घेऊन येऊ शकतो आणि खुराड्यातल्या बिनलसीच्या पिल्लांना देतो.

लसीचं वेळापत्रक विक्रीला जोडून ठेवा. डोळ्यात थेंब टाकायची उष्णता सोसणारी लस असेल तर एका डोळ्यात एक थेंब, दर चार महिन्यांनी, लहानमोठ्या सगळ्या पक्ष्यांना एकाच दिवशी. लासोटा ही दुसरी लस वापरत असाल तर ती बर्फातूनच आणायची, सोबतच्या द्रावणात कालवायची आणि दोन तासांच्या आत संपवायची. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात कालवली की लसच मरते आणि "लस देऊनही मेल्या" अशी तक्रार सुरू होते. अंगात प्रतिकारशक्ती यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून बाजाराच्या निदान तीन आठवडे आधी लस झालेली हवी. आदल्या दिवशी टाकलेला थेंब बाजारात काही कामाचा नाही. आजारी कळपालाही देऊ नका. मानमोडी सुरू झाल्यावर लसटोचणी करत हात फिरवला तर त्याच हातांनी रोग पसरतो.

प्रतिजैविक दिलं असेल तर वेष्टनावर लिहिलेले थांबायचे दिवस संपेपर्यंत तो पक्षी आणि त्याची अंडी विकायची नाहीत. आणि सुस्त, पिसं फुगवून बसलेला पक्षी बाजारात न्यायचा नाही, कापून खायचाही नाही. एकाच वेळी बरेच मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, उघड्या हातांनी हाताळू नका, मेलेले चुना टाकून खोल पुरा. नाल्यात फेकलेली एक कोंबडी कुत्र्याच्या तोंडातून चार अंगणं फिरते.

डालगं:

लसटोच यांचं म्हणणं रोगाच्या बाजूने बरोबर, भावाच्या बाजूने अर्धवट. परत नेणार नाही असं एकदा ठरवून टाकलं की दुपारी दोन वाजता तुमच्या हातात काहीच उरत नाही. आधी पक्षी उरणारच नाही असं बघायचं, आणि उरलाच तर ठेवायला वेगळी जागा हवी. जागेचं पुढे बघू, आधी वय आणि वेळ.

मोकळ्या गावठी नराची वाढ साधारण १२ ते २० आठवड्यांत जोरात असते, आठवड्याला ६०-७० ग्रॅम. २४ आठवड्यांनंतर ती निम्म्यावर, ३०-३५ ग्रॅमवर येते. समजा तुम्ही एका नराला रोज ४० ग्रॅम दाणा विकत घेऊन घालता, बाकी तो स्वतः वेचतो. आठवड्याला २८० ग्रॅम दाणा. वाढत्या वयात एक किलो वजन वाढायला विकतचा सव्वाचार किलो दाणा लागला, उतरत्या वयात आठ किलो. म्हणजे जिवंत कोंबडीचा किलोचा भाव दाण्याच्या भावाच्या आठपटीहून कमी असेल तर सहा महिन्यांनंतर नर ठेवणं तोट्याचं, शिवाय मुंगूस आणि मारामाऱ्या आहेतच. अपवाद एकच: जवळ आलेला सण. त्यासाठी तीन-चार आठवडे थांबणं परवडतं.

पण सणासाठी नर ऐनवेळी थांबवण्यापेक्षा अंडीच आधी हिशोबाने बसवायची असतात. उलटं मोजा. २४ आठवडे वाढ आणि ३ आठवडे रवण (अंडी उबवणं), म्हणजे विक्रीच्या २७ आठवडे आधी कोंबडी अंड्यांवर बसली पाहिजे. सगळा माल एका वयाचा हवा असेल तर तीन माद्या एकाच दिवशी रवणीला बसवा. पहिली खुडूक झाली (अंड्यांवर बसायला आली) की तिच्याखाली एक-दोन खोटी किंवा जुनी अंडी ठेवून आठवडाभर रोखायचं, दुसऱ्या-तिसरीची वाट बघायची. तोवर ताजी अंडी सावलीत, टोक खाली करून साठवायची, दहा दिवसांपेक्षा जुनं अंडं घ्यायचं नाही. खोट्या अंड्यावर मादी फार दिवस ठेवू नका, ती खाणं सोडून हडकते.

तीन माद्यांखाली बारा-बारा अंडी म्हणजे ३६. त्यातली २८-२९ फुटतात. पिल्लं आईबरोबर मोकळी सोडली तर दोन महिन्यांत निम्मी जातात, हातात चौदा राहतात. पहिले सहा आठवडे पिल्लं डालग्याखाली आणि जाळीत ठेवून, बारीक भरडा आणि उथळ भांड्यात पाणी दिलं तर २०-२२ वाचतात. सहा ते आठ पक्ष्यांचा हा फरक बाजारातल्या कुठल्याही घासाघिशीत निघत नाही. तरी सगळे घासाघीसच शिकायला बघतात.

काय विकायचं हे निवडतानाही चूक होते. पैशाची नड लागली की हाताला येईल ती जाडजूड मादी उचलली जाते आणि नेमकी तीच घालणारी असते. शेपटीखाली दोन्ही बाजूंची टोकदार हाडं चाचपून बघा. मध्ये दोन-तीन बोटं मावतात, अंड्याची वाट ओलसर आणि रुंद आहे, तुरा लाल आहे, ती मादी ठेवा. एकच बोट मावतं, वाट कोरडी-आवळलेली, तुरा फिका, आणि ती खुडूकही नाही, तर ती विका. घेणारे जाणकारही हेच चाचपतात, शिवाय छातीच्या हाडाचं मागचं टोक दाबतात. कोवळ्या पक्ष्याचं ते कुर्चेसारखं वाकतं, म्हाताऱ्याचं वाकत नाही. त्यामुळे वय लपवायच्या भानगडीत पडू नका.

आता पाय बांधून नेणं. हे बंद करा. कोंबडीला माणसासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. उलटं टांगलं की आतडी-काळीज हवेच्या पिशव्यांवर दाबतात आणि उन्हात ती गुदमरते. मांडीचा सांधा निखळतो, पंखाखाली काळानिळा डाग पडतो, आणि तो डाग कापल्यावर दिसतो म्हणून नेहमीचं गिऱ्हाईक परत येत नाही. त्याऐवजी ६० सेंटिमीटर व्यासाचं, निदान ३० सेंटिमीटर उंच डालगं घ्या. त्यात सव्वा-दीड किलोचे थंडीत नऊ पक्षी मावतात, उन्हाळ्यात सातच. नर एकमेकांना टोचतात, म्हणून एका घरचे एकत्र, अनोळखी नर वेगळे. पक्षी पहाटे अंधारात दांडीवरूनच उचला, दोन्ही पंख अंगाशी धरून. उजाडल्यावर अंगणात पाठलाग केला की निघायच्या आधीच तो धापा टाकायला लागतो.

निघण्याआधी थोडा दाणा, भरपूर पाणी. वजन वाढावं म्हणून मका ठासून खाऊ घालणारे असतात. गळ्याची फुगलेली पिशवी व्यापाऱ्याच्या बोटाला लगेच लागते आणि तो तुमच्या सगळ्या पक्ष्यांना वजावट लावतो. बाजारात जागा सावलीची बघा, भांड्यात पाणी ठेवा, दोन तासांनी बदला. घरगुती गिऱ्हाईक सकाळी लवकर येतं, व्यापारी उरलेल्याची वाट बघत दुपारपर्यंत थांबतो. तेव्हा सकाळच्या गिऱ्हाइकाला फार ताणू नका.

परसबाग:

काटा आणि अंड्यांचं उलटं गणित समजलं. दोन शंका. वेगळी जागा म्हणजे नक्की किती वेगळी? परस लहान आहे. आणि चार-सहा पक्ष्यांसाठी १४ किलोमीटर जाण्याचं भाडंच भारी पडतं, त्याचं काय?

लसटोच:

परत आणायचेच असतील तर असं. मूळ खुराड्यापासून निदान दहा-बारा मीटर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, एखाद्या भिंतीआड. मोठी टोपली उपडी घालून वर दगड ठेवला तरी दोन पक्ष्यांना जागा होते. पाण्याचं भांडं वेगळं. दाणापाणी आधी घरच्या कोंबड्यांना, मग यांना, कधीही उलटं नाही. तिकडे जाताना चप्पल वेगळी, आल्यावर हात साबणाने. चौदा दिवस किमान, एकवीस असतील तर बरं. एवढी जागा नसेल तर माझं पहिलं उत्तर कायम.

आणि डालगं विसरू नका. पक्षी विकून रिकामं डालगं घरी आणून खुराड्याशेजारी टेकवलं तर सगळी खबरदारी फुकट. आधी विष्ठा खरवडून साबणाच्या पाण्याने घासायचं, मग ब्लीचचं पाणी, मग दिवसभर ऊन. घाण तशीच ठेवून वरून ब्लीच ओतलं तर ते घाणीतच संपतं. बांबूच्या विणीत विष्ठा अडकते, तेवढ्यापुरता प्लास्टिकचा क्रेट सोयीचा.

डालगं:

भाड्याचं. एका खेपेचा खर्च भागिले पक्षी, एवढंच करून बघा. माणसाचं जाण्यायेण्याचं भाडं, जागेची पावती, बुडालेली मजुरी. ही रक्कम चार पक्ष्यांवर टाका आणि वीस पक्ष्यांवर टाका. चारवर टाकल्यावर दारात येणाऱ्या फेरीवाल्याचा "पडेल" भाव बहुतेक वेळा बाजाराइतकाच निघतो. अशा वेळी बाजारात जाऊच नये.

पाच-सहा घरांनी मिळून ४०-५० पक्षी केले तर व्यापारी गाडी घेऊन दारात येतो, कारण त्याचाही फेरा वाचतो. किती वजनाचे, नर किती, माद्या किती हवेत ते त्याला आठ दिवस आधी फोनवर विचारायचं, दोघा-तिघांना विचारायचं, आणि भाव ठरवायला बोलणारा एकच ठेवायचा. प्रत्येक घराच्या पक्ष्यांच्या पायाला वेगळ्या रंगाची चिंधी, घरोघरचं वजन गाडी यायच्या आधी वहीत. नाहीतर कोणाचा पक्षी किती भरला यावरून पुढच्या खेपेला सहातली तीन घरं येत नाहीत.

सगळ्यांचे पक्षी आदल्या रात्री एका अंगणात गोळा करू नका. लसटोच यांचा बाजार तुम्ही गावातच भरवाल. ज्याच्या त्याच्या घरून पहाटे थेट क्रेटमध्ये, आणि क्रेट वाटेत कोणाच्या परसात उतरवायचे नाहीत.

तागडी:

यात एक भर. दारात तोलतानाही पाण्याच्या दोन बाटल्या लावायच्याच, व्यापाऱ्याच्या समोर, पहिला पक्षी हुकाला लागायच्या आधी. पक्षी गाडीत चढल्यावर काटा तपासायचं म्हटलं की वाद होतो. दारातच तोल झाल्यामुळे वाटेतली ३ ते ५ टक्के घट आता व्यापाऱ्याच्या खात्यात जाते, म्हणून तो भाव थोडा कमी सांगेल. ३ ते ५ टक्क्यांपर्यंत कमी सांगितला तर ते रास्त आहे, दहा सांगितला तर दुसऱ्याला फोन लावा.